आराखड्यात मावशी कुठं आहे?

गेल्या गुरुवारी महाद्वार रोडला मावशीकडं गेलो, तर ती पत्र्याची पेटी उघडून बसलेली. पुढ्यात भाड्याच्या पावत्यांचे गठ्ठे. सगळ्यात जुनी 1974 ची, काकांच्या नावाची, अठरा रुपयांची. खालच्या गठ्ठ्याला वाळवी लागून कडा गेलेल्या. मला बघून म्हणाली, "बरं झालं आलास. ह्यातली कुठली चालंल बघ. तू पेपरवाला हाईस न्हवं?"

बावीस वर्षं पेपरवाला आहे. पण ह्यातली कुठली पावती चालंल, ह्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. म्हणून ही पोस्ट. मोठी आहे. चहा घेऊन बसा.

आधी सरळ सांगतो, म्हणजे खाली कमेंटमध्ये कुणी शोधून काढायला नको. ह्या विषयात मी तटस्थ नाही. माझी सख्खी मावशी अंबाबाईच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर एका जुन्या वाड्यात वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहते. भाडेकरू म्हणून. खाली जिन्याच्या तोंडाला साडेचार फुटांचं दुकान, ओटीचं सामान, हळद-कुंकू, बांगड्या. काका गेल्यापासून मावसभाऊ चालवतो. मी आजऱ्याहून पत्रकारितेच्या डिप्लोमासाठी कोल्हापूरला आलो तेव्हा दीड वर्ष ह्याच खोल्यांत राहिलो. पहाटे काकड्याच्या घंटेला उठायची सवय तिथंच लागली. त्यामुळं खाली जे लिहितोय त्यात माया मिसळलेली असणार. ती वजा करून वाचा.

आता आराखडा. 6 मे 2025 ला चौंडीला मंत्रिमंडळाची बैठक झाली. अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दीचं निमित्त. तिथं राज्यातल्या देवस्थानांच्या विकासाचे आराखडे मंजूर झाले. तुळजापूर, जोतिबा, त्र्यंबकेश्वर, माहूर, अष्टविनायक आणि आपली अंबाबाई. अंबाबाईसाठी आकडा 1,445 कोटींचा. ह्याआधी ऐंशी कोटींच्या पहिल्या टप्प्यावर आपण किती वर्षं चर्चा केली आठवा. सरस्वती टॉकीजजवळच्या पार्किंगच्या बातम्या तर मीच इतक्या केल्यात की शेवटी डेस्कवरचा पोरगा म्हणायचा, "दादा, तारीख बदलून जुनीच लावू काय?"

तर आता ऐंशीचे चौदाशे झाले. एवढ्या पैशातला मोठा वाटा कशात जाणार, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. देवळाभोवती मोकळी जागा कुठाय? महाद्वार रोड, ताराबाई रोड, जोतिबा रोड, मधल्या बोळी, सगळीकडं वाड्याला वाडा चिकटलेला. जागा मोकळी करायची म्हणजे कुणाची तरी घ्यायची.

आणि जागा मोकळी करायलाच पाहिजे, हेही मी म्हणतो. नवरात्रात घाटी दरवाजाकडून भवानी मंडपाकडं चालत जाऊन बघा. एखादं म्हातारं माणूस चक्कर येऊन पडलं तर ॲम्ब्युलन्स कुठून आणणार? अग्निशमनची गाडी तर राहूदेच. दर्शन रांगेतल्या लेकुरवाळ्या बायका पायाखाली चिखल आणि डोक्यावर ताडपत्री अशा तीन-तीन तास उभ्या असतात. हे असंच चालू द्या, असं म्हणायला माझी जीभ धजावणार नाही.

किरणोत्सवाचंच घ्या. आपल्या सगळ्यांना तो माहीत आहे, पण बाहेरगावचे मित्रही ही पोस्ट वाचतात म्हणून सांगतो. अंबाबाई पश्चिमाभिमुख आहे. 9, 10, 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी, 1, 2 फेब्रुवारी, ह्या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी पायापर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. तारखा अशा वेगळ्या-वेगळ्या का, तर सूर्य दक्षिणेकडं सरकत 21-22 डिसेंबरला टोकाला जातो आणि परत फिरतो. जाताना टोकाच्या एक्केचाळीस-बेचाळीस दिवस आधी तो ज्या जागेवर मावळतो, त्याच जागेवर येताना तितक्याच दिवसांनी परत मावळतो. ज्यानं हे देऊळ आखलं त्यानं हे हिशेबात धरलं. तेव्हा समोर वस्ती असली तरी बुटकी असणार. आज समोर अख्खा महाद्वार रोड आहे.

त्यामुळं गेली कित्येक वर्षं किरणं कधी पायाशीच थांबतात, कधी कमरेपर्यंत येऊन विरतात. कधी ढग, कधी हवेतली धूळ. आणि कधी आपण. म्हणजे कुणाचा वाढवलेला मजला, कुणाची पाण्याची टाकी, कुणाचा फलक. देऊळ म्हणजे फक्त काळ्या दगडाची इमारत न्हवं, तिच्या समोरचं मोकळं आभाळही तिचंच, हे कोल्हापुराइतकं स्पष्ट दुसरीकडं कुठं दिसत असेल असं मला वाटत नाही.

मावशीच्या वाड्यावरची टाकी अशीच एका वर्षी अडथळ्यात आली होती. वाडा रस्त्याच्या दक्षिण अंगाला, आणि किरणं पश्चिमेच्या थोडी दक्षिणेकडूनच येतात. माणसं आली, वर चढली, म्हणाली टाकी हलवा. मालक पुण्याला. मावशीनंच मावसभावाला सांगून टाकी खाली घेतली, खर्चही स्वतः केला. तेव्हापासून वर पाणी चढत नाही. ती पंचाहत्तरीला आली तरी खालून कळशी भरून आणते. मी एकदा चिडलो तर म्हणाली, "देवीच्या उन्हाला आडवं कशाला यायचं?"

ही बाई विकासविरोधी असं कुणी म्हणालं तर मला राग येणारच की.

आता माझी कबुली. काही वर्षांपूर्वी आधीचा आराखडा आला तेव्हा पहिल्या पानावरची बातमी माझी होती. मथळा होता, 'मंदिर परिसर घेणार मोकळा श्वास'. आत मी लिहिलं होतं की परिसराला अतिक्रमणांचा विळखा पडलाय. 'विळखा' हा शब्द आम्हा पत्रकारांचा फार लाडका. कशालाही लावतो. त्या दिवशी संध्याकाळी मावशीकडं गेलो तर मावसभावानं पेपर पुढं टाकला आणि विचारलं, "विळखा म्हंजे आम्हीच न्हवं?" मी म्हणालो, तुमचं नाही रे, रस्त्यावरच्या टपऱ्यांचं. तो म्हणाला, "असं कुठं लिवलंयस?" खरंच नव्हतं लिहिलं. पाऊणशे वर्षं भाडं भरून राहणारा माणूस आणि काल हातगाडी लावलेला माणूस, दोघांना मी एकाच शब्दात कोंबलं होतं. आणि हातगाडीवाल्याला तरी मी कुठं विचारलं होतं, म्हणा.

तर गेल्या पावसाळ्यात मावशीच्या बोळात मोजणीवाले आले. टेप लावला, भिंतीवर लाल रंगानं आकडे टाकले. मावशीनं चहा दिला. नाव विचारलं का? नाही. किती वर्षं राहताय? नाही. मिळकतीचा सिटी सर्व्हे नंबर घेतला आणि गेले. मी दुसऱ्या दिवशी एका सरकारी कार्यालयात गेलो. कुठलं ते सांगत नाही, कारण तिथले साहेब माणूस म्हणून चांगले आहेत आणि जे त्यांच्या कागदावर आहे तेच ते बोलले. म्हणाले, "आमच्याकडं यादी मिळकतधारकांची आहे. भाडेकरूंचं काय ते मालक बघतील."

मालकाला फोन लावला. तोही काही खलनायक नाही. प्रॉपर्टी कार्डावर अकरा वारस आहेत, त्यातला हा एक. सगळ्या वाड्याचं भाडं महिन्याला जेवढं येतं त्यात एका खोलीचं प्लास्टर होत नाही, आणि घरफाळा त्याच्याच नावानं येतो. म्हणाला, "दादा, आम्हाला ह्या वाड्यातून चाळीस वर्षं काही मिळालेलं नाही. आता चार पैसे मिळणार असतील तर मी कशाला अडवू? तुमच्या मावशींचं सरकारनं बघावं." त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच बोललो असतो.

म्हणजे सरकार म्हणतंय मालक बघतील, मालक म्हणतोय सरकार बघेल. आणि मावशी पेटी उघडून पावत्या बघतीय.

त्या पावत्यांचीही एक गंमत आहे. 1990 नंतर मालकानं पावती देणं बंद केलं. भाडं घ्यायचा, पण कागद द्यायचा नाही. पुढं भाडं घेणंही बंद केलं. काकांना कुणीतरी शहाण्या माणसानं सांगितलं म्हणून ते दर महिन्याला मनीऑर्डर करायचे. ती परत यायची. परत आलेल्या मनीऑर्डरचे कागद काकांनी जपून ठेवले. कोल्हापूरच्या जुन्या पेठांत अशी शेकडो घरं आहेत जिथं भाडेकरूपणाचा सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे मालकानं न घेतलेले पैसे. हसू नका, खरं आहे.

रात्री बसून 2013 चा भूसंपादन कायदा वाचला. 1 जानेवारी 2014 पासून तो लागू आहे आणि मी इतकी वर्षं त्यावर बातम्या केल्यात, पण व्याख्यांचं पान नीट वाचलं ते मावशीसाठी. त्यात 'बाधित कुटुंब' म्हणजे कोण, हे लिहिलंय. फक्त ज्याची जमीन जाते तो मालक नव्हे. ज्याच्या नावावर जमीन नाही, पण संपादनाच्या आधी तीन वर्षं जो तिथं भाडेकरू आहे, किंवा कारागीर आहे, किंवा तिथं काम करतोय आणि ज्याचं पोट मुख्यतः त्या जागेवर आहे, तोही बाधित. तीन वर्षं! मावशीची पन्नास झाली. तिच्या खालच्या बोळात पितळी भांड्याला कल्हई करणारा एक जण आहे, त्याच्या आजोबांपासूनची जागा. ताराबाई रोडला परड्या विकणाऱ्या बायका आहेत. कायद्याच्या भाषेत ही सगळी माणसं आहेत. यादीत नाहीत.

इथं एक मेख आहे आणि ती नीट समजून घ्या. रीतसर संपादन झालं तर हा कायदा, त्याच्या नोटिसा, हरकती, पुनर्वसन, असं सगळं मागं लागतं. त्याला वेळ लागतो. म्हणून जिथं घाई असते तिथं मालकाशी थेट बोलणी करून जागा खरेदी करायची पद्धत आहे. दोन्ही बाजू राजी, झटपट व्यवहार, कोर्टकचेरी नाही. ऐकायला छान. पण 'दोन्ही बाजू' म्हणजे घेणारा आणि मालक. भाडेकरू ही तिसरी बाजू. तिचं काय करायचं हे त्या करारात लिहून घेतलं तरच असतं, नाहीतर जागा 'मोकळी करून' द्यायची जबाबदारी मालकावर पडते, आणि मालक मोकळी कशी करतात हे जुन्या पेठेतल्या कुणालाही विचारा.

काशीचं उदाहरण सगळे देतात. 13 डिसेंबर 2021 ला विश्वनाथ धामाचं लोकार्पण झालं, त्यासाठी तीनशेहून जास्त मिळकती घेतल्या गेल्या. घरं पाडताना घरांच्या आत झाकलेली जुनी मंदिरं सापडली, हेही आपण वाचलं. आता गंगेवरून सरळ देवळात जाता येतं, लोक खूश आहेत, मी स्वतः जाऊन आलोय, सोय झालीय हे नाकारणार नाही. पण तिथं मी एका चहावाल्याला विचारलं की आधीची माणसं कुठं गेली. तो म्हणाला, कुठली माणसं? पाच-सहा वर्षांत एवढं पुसलं जातं. पंढरपूरचे लोक 'कॉरिडॉर' शब्द ऐकला की का बिथरतात, हे मला तिथं कळलं.

आपल्याकडं पुसायची कला तशी जुनीच आहे म्हणा. कपिलतीर्थ म्हणजे भाजी मंडई, असं आपली पोरं समजतात. ते तीर्थ होतं, तळं होतं, बुजवून मंडई केली. वरुणतीर्थ बुजवून गांधी मैदान केलं, आणि दर पावसाळ्यात ते मैदान आपण मूळचे कोण हे दाखवून देतं. देवळाच्या आवारातलं मणिकर्णिका कुंडसुद्धा बुजवलं, वर बाग केली, स्वच्छतागृह बांधलं. कुंडावर! आणि आता काही वर्षांपूर्वी तेच परत उकरलं. ते बुजवलं तेव्हाही कुणीतरी कागदावर 'परिसर सुधारणा' असंच लिहिलं असणार.

म्हणून मला ह्या वेळी घाई नको वाटते. दगड परत उकरून काढता येतो. कल्हईवाला काढता येत नाही.

दुसरं, हे सगळं शहर वाढतंय म्हणून चाललंय, असं सांगितलं जातं. वाढतंय तर खरंच. पण कुठं वाढतंय? 1946 पासून आपली हद्द जिथल्या तिथं आहे. पाचगाव, कळंबा, उजळाईवाडी, उचगाव इथं घरं उभी राहिली, कागदावर ती गावं आहेत. हद्दवाढीचा प्रस्ताव गेला, आला, परत गेला. त्यावर तर मी पुस्तक लिहीन. शाहू महाराजांनी 1895 ला शाहूपुरी वसवली, गुळाचा व्यापार तिकडं नेला. पेठेवरचा भार हलवायचा तर आधी भार ठेवायला जागा तयार करायची, एवढी साधी रीत. आज मावशीला उठवायचं म्हटलं तर तिला न्यायचं कुठं? शहराच्या हद्दीत जागा नाही, हद्दीबाहेर गेली तर मावसभावाचं दुकान चालणार नाही. पाचगावात ओटीचं सामान कोण घेणार? त्याचं गिऱ्हाईक देवीच्या दारातच आहे.

काही मित्र म्हणतील, आणि फोनवर म्हणालेच आहेत, की एका मावशीसाठी लाखो भाविकांची सोय थांबवायची काय? नाही. मी थांबवा म्हणत नाहीच. मोजणी केली तशी माणसांचीही मोजणी करा, एवढंच म्हणतोय. कुठल्या खोलीत कोण, किती वर्षं, काय धंदा, मालक की भाडेकरू की पोटभाडेकरू, ही यादी घराघरांत जाऊन करा आणि प्रभागात फलकावर लावा. ती आधी, खरेदी नंतर. दुकानदाराला देवळाच्या नव्या आवारातच गाळा देणार असाल तर तो किती फुटांचा, कुणाच्या नावानं, किती भाड्यानं, हे पाडायच्या आधी लेखी द्या. तोंडी आश्वासनांच्या बातम्या मी बावीस वर्षं छापल्यात. त्यांची काय किंमत असते ते मला विचारा.

मावशीला मी हे सगळं सांगितलं. तिला फारसं पटलं असं दिसलं नाही. म्हणाली, "एवढं सगळं कशाला? त्यास्नी म्हणावं, मला खालची एक खोली द्या. जिना चढवत न्हाई आता." मग थोडं थांबून, "आन् दुकान ऱ्हाऊ दे."

मी पावत्या लावून दिल्या. वर्षाप्रमाणं. 1974 ते 1990 पर्यंतच्या पावत्या, मग परत आलेल्या मनीऑर्डरी, मग काकांच्या नावाचं लाइट बिल, रेशनकार्ड, दुकानाचा परवाना, मतदार यादीतलं नाव. सगळ्याचे मोबाइलवर फोटो काढले आणि तीन जणांकडं ठेवले. वाळवीनं खाल्लेल्या पावत्यांतही तारीख आणि सही दिसतीय, ते बरं आहे. ह्याला दोन तास लागले.

महाद्वार, ताराबाई, जोतिबा रोड आणि मधल्या बोळांतले जे कुणी भाडेकरू ही पोस्ट वाचत असतील त्यांनी ह्या आठवड्यात एवढं करून ठेवा. जुनी पावती, परत आलेली मनीऑर्डर, लाइट बिल, काहीही टाकू नका. ज्यांच्या आई-वडिलांना मोबाइल जमत नाही त्यांच्याकडं शेजारच्या पोरानं जाऊन फोटो काढा. येत्या रविवारी सकाळी दहापासून मी मावशीच्या दुकानाच्या पायरीवर बसणार आहे, वही घेऊन. ज्याला त्याला आपलं नाव, खोली आणि वर्षं सांगायची असतील त्यानं यावं. सरकारी यादी होईल तेव्हा होईल. तोपर्यंत एक आपली असूदे. मालकांनीही यावं, त्यांचीही बाजू लिहून घेतो.

दुकान कुठलं ते विचारू नका. महाद्वारात उभं राहून रस्त्याकडं तोंड करा. डाव्या अंगाला टाकी नसलेला वाडा.